मक्याची पेंड आणि लिनेटचं लग्न

आयोवा, १९ मे

प्रिय आर्लीनताई,

आम्हा दोघांचा नमस्कार. तुझा गुडघा आता वाकत असेल. माझे दोन्ही सरळ होत नाहीत, म्हणूनच हे पत्र.

आमच्या लिनेटला चौदा जूनला आपल्याच अंगणात, हिरवळीवर लग्न करायचंय, आणि हिरवळीत डॅन्डेलियनचं पिवळं तण माजलंय. औषध फवारलं की काम फत्ते, पण व्हर्नाच्या मधमाश्या आहेत (तीन पेट्या, माझ्यापेक्षा त्यांच्याशी ती गोड बोलते). "अंगणात विषाचा थेंब पडला तर तुम्ही गॅरेजमध्ये झोपायचं," असं तिने बजावलं.

म्हणून आधी व्हिनेगर ओतलं. तण आणि गवत दोन्ही करपलं. आठवड्याने तण परत आलं, गवत नाही. मग कुणीतरी मक्याची पेंड सुचवली: ती पसरली की तणाचं बी रुजत नाही. मी चार पोती पसरली. शेजारचा डेलमार कुंपणावरून म्हणाला, "हार्लन, डुकरं कधी आणतोयस?" दुसऱ्या दिवशी डुकरं नाही, चौतीस रानहंस आले. मी झाडू घेऊन धावलो तसे ते डेलमारकडे गेले (एवढंच काय ते यश). उरलेली पेंड जमिनीत मुरली. ती बी रुजायच्या आधी टाकायची असते. रुजलेल्याला ती उत्तम खत (हे पोत्यावर लिहिलं होतं, माझा चष्मा गाडीत होता). तणाने असं बाळसं धरलं की लिनेट पायरीवर बसून रडली. "बाबा, लग्नात याच्या म्हाताऱ्या उडतील, थेट केकवर!"

तेव्हाच ठरवलं. आता रोज सकाळी लांब खुरपं घेऊन शंभर मुळं उपटतो. पाठ मोडली तरी बेहत्तर, मी हटणार नाही.

तुझा,
हार्लन

ता.क. तुझी हिरवळ गालिच्यासारखी असते. लग्न तुझ्याकडेच केलं तर? तू काय फवारतेस ते मी विचारत नाही, तू व्हर्नाला सांगू नकोस.

ता.क. वन्सं, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. लग्न इथेच होईल. लिनेट परवापासून ह्यांच्या शेजारी बसून मुळं उपटतेय. बापलेकीला इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तुम्ही चार दिवस आधी या, जुने कपडे आणा, आणि ती फवारणीची बाटली घरीच ठेवा. — व्हर्ना