झाकणाखालचं टोकन

६ ऑक्टो., सोमवार
करंजाडेच्या आमच्या डीलरला, बाळारामला, त्याच्याच रंगाच्या दुकानात रंगाऱ्यांनी मारलं. मी पोचलो तेव्हा संपलं होतं. छटा मिसळायचं मशीन आडवं पडलेलं, निळा-लाल ओघळ पायरीवरून गटारापर्यंत. त्यात रक्त किती, कळेना. बाळाराम काउंटरला टेकून बसलेला, डावा डोळा बंद, तुटलेले दात मुठीत.
संतोष पेंटर, जालन्याकडचा, इतकी वर्षं आमचाच रंग खपवणारा, धापा टाकत होता. "साहेब, महिना झाला, कित्येक बादल्यांत टोकन नाही. आमच्या तोंडचं ह्यानं खाल्लं."
प्रत्येक बादलीत झाकणाखाली रंगाऱ्यासाठी टोकन असतं, ते दिलं की त्याला पैसे मिळतात. त्यापायी तो घरमालकाला आमचाच ब्रँड घ्यायला लावतो. पण छटा मिसळायला झाकण दुकानातच उघडतं. म्हणजे चोर दुकानदार. ठरवून टाकलं त्यांनी.
"मी नाय घेतली, सायेब. पोरीची आन."
मला माहीत होतं. तरी बोललो नाही. घोळक्याला घाबरलो की कंपनीला?

७ ऑक्टो., मंगळवार
रिजनल मॅनेजर देसाईंना फोन. टोकनं फॅक्टरीतच कमी केलीत, काही बादल्यांत टाकतच नाहीत. "सीझनला कोण बघतंय?" असं मीटिंगमध्ये तेच म्हणाले होते. डीलरना सांगायचं नाही, असं ठरलं. मीही मान डोलावली होती.
आज: "लोकल भांडण आहे, तू पडू नकोस मध्ये. नवीन मशीन देऊ त्याला, खूश होईल."
"डोळा जातोय त्याचा, सर."
"तू कंपनीचा माणूस आहेस ना?"
बरं म्हणालो. सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसरी नोकरी मिळणार नाही, हे कारण खरं आहे. पुरेसं आहे का, ते...

९ ऑक्टो., गुरुवार
पनवेलला हॉस्पिटलात गेलो. पोलिसांत जायला बाळाराम तयार नाही. कंपनीचं नाव पेपरात येईल म्हणतो.
सांगून टाकलं. "बाळाराम, टोकनं कंपनीनंच कमी केलीत."
हसायला गेला. ओठाचे टाके ताणले, रक्त आलं. "कंपनी असा नाय करनार. बापाच्या टायमापासून दुसऱ्याचा डबा ठेवला नाय आमी." मग एका डोळ्याने माझ्याकडे बघत, "दुसऱ्या कंपनीत चाललाव काय तुमी?"
त्याला त्याचा चोर सापडलाय. धाकटा भाऊ महेश. मशीनवर तोच बसतो. काल बाळारामच्या मेव्हण्यांनी महेशला ओट्यावर बांबूने झोडलं. बाळारामची बायको आवाज न चढवता सांगत होती, "हाताची बोटां मोरली. तरी कबूल होत नाय."
ब्रँडवरच्या विश्वासाचं प्रेझेंटेशन मी स्वतः देतो. टाळ्या मिळतात.
त्याने माझं मानलं नाही, तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायला हवं.

१० ऑक्टो., शुक्रवार
ऐरोलीला आमच्या सोसायटीच्या गेटवर महेश. उजवा पंजा प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने माझी कॉलर धरून त्याने मला भिंतीवर आपटलं.
"दादाला सांगितलाव ते खरा हाय?"
"खरं आहे."
"मंग सगल्यांसमोर सांगा. नायतर आदी संतोषला कापतो, मंग दादाला. मना काय, चोर तर झालोच हाय."
तोंडी कोणी मानणार नाही, म्हणून मीच सुचवलं: दुकानाच्या गोदामातल्या सीलबंद बादल्या संतोष आणि बाळारामसमोर उघडायच्या. आत टोकन नसेल तर दुकानावरचा आळ गेला. त्याने कॉलर सोडली. चक्क थँक्यू म्हणाला.
काही बादल्यांत नाही, म्हणजे बाकीच्यांत आहे. किती, मला ठाऊक नाही. हे त्याला सांगितलं नाही. त्याचा चेहरा बघून सांगवेना.
बायकोने, मीनलने विचारलं, बटणं कुठे गेली? म्हटलं, अडकला शर्ट कुठेतरी.

११ ऑक्टो., शनिवार
बाळाराम डॉक्टरांचं न ऐकता गोदामात आला होता, डोळ्यावर पट्टी. मेव्हणे. संतोष आणि त्याची माणसं. महेश माझ्या शेजारी.
बोलायला सुरुवात केली. संतोष म्हणाला, "भाषण कशाला? उघडा की."
पहिलं सील तोडलं. टोकन होतं.
हसले सगळे. "कंपनी चोर म्हणे!" मेव्हण्याने महेशच्या कानाखाली ओढली, दुसऱ्याने प्लास्टरवर लाथ. महेश माझ्याकडे बघत होता.
दुसऱ्या बादलीला हात घातला तर बाळाराम झाकणावर आडवा. "बास, सायेब. माल खराब नका करू."
मी ढकललं त्याला. आजारी माणसाला. कोणीतरी माझ्या बरगडीत रिकामा डबा मारला, बादली कलंडली, झाकण उडालं. पांढरा रंग फरशीभर. संतोष गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चाचपू लागला. सगळी फरशी चाचपली. उठला नाही.
"नाही ह्यात."
मान वर करून त्याने मला विचारलं, "किती बादल्यांत नाही, साहेब?"
"माहीत नाही."
"आणि सोमवारी? तेव्हा माहीत होतं?"
हो म्हणालो. तो हात न पुसता उभा राहिला. बाळाराम म्हणाला, "एकादी बादली बिनटोकनाची निघते. फॅक्टरीतल्या मशीनची चूक आसल." कोणाला सांगत होता, देव जाणे.
महेशला शोधलं तर तो नव्हता.

१२ ऑक्टो., रविवार
बरगडी बहुतेक मोडली आहे. श्वास घेताना दुखतं. संतोषची माणसं उद्या कंपनीच्या डेपोवर जाणार आहेत. सगळा माल उघडणार म्हणे. डेपोत आमचा गोदाम कीपर एकटा असतो, त्याला फोन केला. त्याने लगेच देसाईंना कळवलं. देसाईंचे मिस्ड कॉल सकाळपासून.
आत्ता बाळारामच्या बायकोचा फोन. महेश कालपासून घरी नाही, कोयता जागेवर नाही.
बाळारामला विचारलं का, म्हटलं. "ते दुकान धुतान. नवीन मशीन येनार ना."
संतोषला लावतोय. रिंग जातेय, उचलत नाही.