राउटरचा पासवर्ड कोणाकडे?

३ फेब्रु., सोमवार
सगळं फिरलं ते आज सकाळी, मोबाइलवर शेजारच्या काकांचं राउटर उघडून बघितलं तेव्हा. बघायची गरज नव्हती. पण दिवाळीत मीच ते लावून दिलं, त्याच्या सेटिंगचा पासवर्ड मीच ठेवला, आणि रेंज आमच्या खोलीत येते. जोडलेल्या फोनच्या यादीत काकांच्या मुलीचा, इराचा फोन दिसला की बरं वाटतं, एवढंच. आज त्याखाली: 'गणेश बार्शी'. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीतला भाडेकरू. म्हणजे इ.ने त्याला वायफायचा पासवर्ड दिला! माझ्या मेसेजला उत्तर द्यायला वेळ नसतो हिला.
डोकं सटकलं. वायफायचा पासवर्डच बदलून टाकला. बसा सगळे बाहेर.

तोच दिवस, संध्याकाळ
सकाळी नेमका तेव्हाच इ.चा ऑनलाइन इंटरव्ह्यू चालू होता. मधेच तुटला. कंपनीने परत घेतला नाही.
काका दारात. "चला, इंजिनिअर. कॉलेज सोडलंत, नेट तरी धरून ठेवा." गेलो. नवा पासवर्ड घातला. टीव्ही, प्रिंटर, काकांचा फोन, एकेक जोडून दिला. इ. आतल्या खोलीत, दार बंद. काकूंनी पोहे दिले.
"कोणाचा उद्योग असेल रे हा?"
म्हणालो, "वरचा एक फोन जोडलेला होता, काका."
खोटं नाही. पण

६ फेब्रु., गुरु.
काका जिन्यात, आवाज आमच्या स्वयंपाकघरात. "खोली भाड्याने दिली होती, घर नव्हे. रविवारी रिकामी करा."
गणेश : "ओ काका, ताईंनीच दिलता पासवर्ड. बदलायचा कसा ते मला म्हाईत बी न्हाई."
ताई म्हणतो तिला.
पुढच्या महिन्यात परीक्षा आहे त्याची. आई म्हणाली, "मुलगा चांगला वाटत होता." मी जेवत राहिलो.

८ फेब्रु., शनि.
डेअरीत इ. भेटली. स्वतःहून बोलली. किती वाट बघितली होती याची.
"मी गणेशला वायफायचा पासवर्ड दिला होता. पण तेवढ्यावर तो बदलता येत नाही ना? राउटरचा वेगळा लागतो. तो कोणाकडे आहे?"
"बघतो."
"काय बघतोस?" दुधाची पिशवी घेऊन निघून गेली.

९ फेब्रु., रवि.
फाटकाशी टेम्पो. गणेशची गादी उतरली, पुस्तकांचं पोतं उतरलं. काका वर गच्चीत, हात मागे बांधून उभे. गणेशने खिडकीत बघितलं मला. "दादा, कॉट जड हाय. जरा हात लावता का?"
येतो म्हणालो.
इ.च्या प्रश्नाचं उत्तर आधी काकांना, मग कॉटला हात. चपला घातल्यात. आई संध्याकाळशिवाय येत नाही. किल्ली टेबलावरच ठेवतोय. लॅचचं दार आहे, एकदा ओढून घेतलं की मला परत आत पळता येणार नाही.
निघालो.