खिरीचं वेगळं पातेलं

९ नोव्हें., रवि. मांजर्ली
लेकीच्या लग्नाचं बोलायला महेशच्या आत्याबाई चामटोलीहून आल्या. आई गेल्यावर यांनीच त्याला वाढवलं. यांचा होकार तोच त्या घरचा होकार. आमची रूथ पाया पडली नाही, हात जोडले. त्यांनी पाहिलं.
मग प्रश्न. देव एक की तीन? मूर्ती नाही तर डोळे मिटून बघता कुणाला? पोराला पाण्यात बुडवून बाटवणार का?
मी बायबलमधल्या वचनांवर वचनं. अध्याय, ओवी.
उठताना म्हणाल्या, "मास्तरीणबाय, मी तुमाला इचारलं. तुमी पुस्तकाला कामाला लावलं."
होकार नाही.

१० नोव्हें., सोम.
रूथ जेवली नाही. "मम्मी, तू मुलांना सांगतेस ना, स्वतःच्या शब्दांत लिहा?"
चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन. आणखी चार वचनं. लिहून घेतली नाहीत.

१६ नोव्हें., रवि.
उपासनेनंतर चामटोली. नव्या तांदळाची खीर, देवाला दाखवलेली. वाटी माझ्यासमोर. सगळं घर बघत होतं. रूथही.
ओठांवर वचन आलं. गिळलं.
"हे मी खात नाही. तुमच्या देवाचा राग नाही, तुमच्या हाताचा तर नाहीच. मी एकाचीच झालेय. जेवतानाही."
"एक का तीन?"
"एकच. बाप, पुत्र, पवित्र आत्मा. कसं, ते मला पुरतं कळलेलं नाही. त्या दिवशी कळल्यासारखं बोलले."
"आनि महेशला बुडवनार?"
"नाही. त्यानं स्वतः मागितलं तर मात्र अडवणार नाही. खोटं कशाला सांगू?"
त्यांनी वाटी ओढली, स्वतः खाल्ली. "आज तुमी बोललात."
होकार नाही. नकारही नाही. रिक्षात रूथनं माझा हात सोडला नाही.

२३ नोव्हें., रवि.
आत्याबाई दारात, हातात डबा. मागे महेश.
"खीर हाय. येगल्या पातेल्यात केली. देवापुढं नेलीच नाय."
नव्या तांदळाचं काहीही देवाला दाखवल्याशिवाय त्या घरात कुणी चाखत नाही. माझ्यासाठी पातेलं वेगळं. डोळे मिटून आभार मानले, खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली.
वाटी विसळताना त्यांनी विचारलं, "मी काय तुमच्या येशूला मानत नाय. मेल्यावर नरकात का?"
महेश : "आत्या, काय पण!"
"तारण त्याच्यातच, असं मी मानते. पण तुमचा न्याय माझ्याकडे दिलेला नाही."
"बरं झालं. तुमच्याकडं असता तर मागची खीर नडली असती."
आधी रूथ हसली, मग सगळेच. निघताना आत्याबाईंनी तिची हनुवटी धरली. "पोरगी आमची."
खूप दिवसांनी मोठ्यानं गीत म्हटलं. शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला.

२५ नोव्हें., मंगळ.
लग्न चर्चमध्ये की त्यांच्या अंगणात? पाळकसाहेब काही ठरवत नाहीत. महेशचे चुलतेही. मी दोघांच्याही दारी जाणार, वचनांशिवाय.
संध्याकाळी आत्याबाईंचा फोन. "विहीणबाय," प्रथमच. "तुमचं पुस्तक मोठ्या अक्षराचं हाय का?"
मी विचारलं, कशाला?
"बाटायला नको. भांडायला पायजे."
सासूबाईंचं होतं, जाड, मोठ्या अक्षराचं. पुसून पिशवीत घातलं.