एकट्याचं खातं

१२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बबडी काल मुलाखतीहून आली ती सरळ खोलीत. जेवायलाही बाहेर येईना. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, तुम्ही सगळे ज्या साइटवर कोड लिहून ठेवता, तिथलं तिचं खातं त्यांनी उघडून पाहिलं. दोन वर्षांत तिच्या नावावर एक ओळ नाही! मग तुम्ही करत काय होता, असं तोंडावर विचारलं तिला.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण दादा, पोरगी तुझ्या ऑफिसात नुसती खुर्ची उबवत होती का? भाची म्हणून पोटात घालू नकोस. दिवसभर शिवणाची कात्री चालवून बोटं दणकट आहेत माझी, कान मी उपटीन.

वहिनीला नमस्कार. तुझ्या लोभावर हक्क आहे म्हणून इतकं खडसावून विचारलं.

तुझी,
धाकटी

१५ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

उपटायचे तर माझे कान उपट. ऑफिस सुरू केलं तेव्हा साइटवर दोन प्लॅन होते, एकट्याचा आणि टीमचा. टीमच्यात ज्याचं काम त्याच्या नावावर पडतं. मी एकट्याचा घेतला आणि चौघांना माझाच पासवर्ड दिला. बबडी दोनदा म्हणाली, मामा, टीमचा घेऊ या. मी म्हटलं, घरचंच काम, त्यात तुझं-माझं कशाला?

खरं सांगू? पैशांचा प्रश्न नव्हताच. प्रत्येक ओळीपुढे माझं नाव दिसायचं, ते बरं वाटायचं. एकदा भर बैठकीत गिऱ्हाईक मला म्हणालं, या वयात काय उरक आहे तुमचा! बबडी समोर बसली होती. मी नुसता हसलो. तिने वहीत डोकं घातलं. आठवलं की अजून कानशिलं तापतात. तुझ्या पोरीपुढे उभं राहायची लाज वाटते गं मला.

टीमचा प्लॅन आज घेतला, पण जुन्या नोंदींवरचं नाव बदलत नाही. म्हणून त्या कंपनीला आणि गिऱ्हाइकाला सही करून लिहिलं आहे, की दोन वर्षांतली सातही कामं तिची. तिच्याशी बोलायचा धीर होत नाही. हे पत्रच तिला दे.

मागायला तोंड नाही, तरी लोभ तोडू नका दोघी.

दादा

२६ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईने पत्र दिलं. वाचून आधी भिरकावलंच. खोटं कशाला बोलू? त्या बैठकीनंतर मी जिन्यात जाऊन रडले होते, आणि तुम्ही मला चहा हवा का विचारत होतात.

कंपनीने परत बोलावलं. तुमचं पत्र टेबलावरच होतं. एक तारखेपासून रुजू होते आहे. आई सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटली आहे, ब्लाउज बाजूलाच राहिले.

पण मामा, त्या सातांतलं वाचनालयाचं काम माझं कुठे होतं? ते तुम्ही एकट्याने केलंत. तीन आठवडे चष्मा पुसत बसला होतात, मी शेजारीच होते. मी त्यांना सांगितलं, सहा माझी, सातवं मामाचं. दुसऱ्याचं काम माझ्या नावावर मला घेववेना.

तुमच्या लोभाची लहानपणापासून सवय आहे, ती मोडायला लावू नका.

तुमची,
बबडी