चौदा पाटांची यादी

२ ऑगस्ट १९८३, मंगळवार
वरच्या वाडीवर दरड आली त्याला आज नऊ दिवस. माणूस एकही गेलं नाही, नशीब. गुरं गेली, घरं गेली. सगळी वाडी माझ्या शाळेत — दोन वर्ग आणि पडवी. फळ्याखाली चुली पेटतात. ओल्या लाकडांचा धूर, पोरांची रडारड. मी गुरुजी आहे की धर्मशाळेचा रखवालदार, कळत नाही.

मामलेदार येऊन गेले. पत्र्याच्या शेडी मंजूर झाल्यात, घरामागे एक. "गुरुजी, घरांची यादी परवापर्यंत द्या." पंचायतीचं घरपट्टीचं रजिस्टर काढलं. निम्मे घरमालक केव्हाच वारलेले. शेडी काय त्यांना द्यायच्या?

४ ऑगस्ट
सुचलं! गंगारामचा गणपतीचा कारखाना. आषाढात प्रत्येक घर आपला पाट त्याच्याकडे नेऊन ठेवतं, मूर्ती त्यावरच घडते. वाडीचे पाट दरडीच्या आधीच खाली आले होते. बाकी जवळजवळ सगळं मातीखाली, पाट तेवढे शाबूत. खडूने नावं घातलेले. चौदा पाट, चौदा घरं. तासाभरात यादी तयार.

मामलेदार खूष. घरी येऊन बायकोला, मालिनीला, दोनदा सांगितलं. "ऐकलं मघाशी," म्हणाली.

१९ ऑगस्ट
शेडी उभ्या राहिल्या. चौदा कुटुंबं गेली. वर्ग धुऊन घेतले. तरी पडवीत एक चूल उरलीच — सोनूबाई आणि तिची नऊ वर्षांची काशी.

"तू का नाही गेलीस?"
"मना शेड कुठं दिलीत, गुरुजी?"

तिचा नवरा गेल्यावर दीर केरू आणि ती वेगळे झाले. सहा वर्षं चूल वेगळी, बोलणं बंद. गणपती मात्र एकच, केरूच्या पाटावर. मी पाट मोजले. चुली मोजल्या नाहीत.



२४ ऑगस्ट
केरूकडे गेलो. शेडीत सहा माणसं — तो, बायको, म्हातारी आई, तीन पोरं. पाय ठेवायला जागा नाही. "वहिनीनं यावा की. नको कोण बोलतो?" हे तो जमिनीकडे बघून म्हणाला. आत बायकोने टोप आपटला.

सोनूबाईला सांगितलं. "त्यानं येऊन बोलवलान तर बघू." तो येणार नाही. दोघंही एका मातीचे.

२९ ऑगस्ट
लांज्याला कचेरीत अर्ज दिला. अव्वल कारकून हसले. "एक गणपती, एक घर — नियम तुमचाच ना, गुरुजी? बाई वेगळा गणपती आणू देत. सर्कल इन्स्पेक्टर येऊन बघतील, लगेच शेड देऊ."

माझीच हुशारी माझ्या घशात घातली. आणि मी "बरं" म्हणून उठलो!

१ सप्टेंबर
पाऊस. झड पार भिंतीपर्यंत येते. काशी खोकते आहे.

३ सप्टेंबर
सोनूबाईला म्हटलं, गंगारामकडे एक लहान मूर्ती आहे. पाट माझा घे. पडवीत बसव, दीड दिवसाचं तर काम. शेड मिळेल.

तिने सूप पुढ्यात ओढलं, तांदूळ निवडायला घेतले. मग म्हणाली, "चूल वायली झाली, गुरुजी. देव नाय वायला झाला. त्यो वायला केला तर मग आमचा काय ऱ्हायला?"

मी चिडलो. पोर खोकतेय आणि तुला रीत सुचते, असं काहीबाही बोललो. ती तांदूळ निवडत राहिली. घरी येताना लाज वाटली. चूक माझी आणि ती निस्तरायची तिने!

७ सप्टेंबर
वरून पत्र. शाळा शुक्रवारपर्यंत पूर्ण मोकळी करावी. सोनूबाईला वाचून दाखवलं. "बरं," म्हणाली.

"आमच्याकडे चल" म्हणायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण गणपतीला मालिनीच्या माहेरची माणसं यायचीत, ओटीवरसुद्धा जागा नाही — हे मनात आलं आणि गप्प बसलो. असा मी.

९ सप्टेंबर, शुक्रवार
पडवी रिकामी. चुलीची राखसुद्धा भरून नेलेली. जमीन सारवलेली, अजून ओली.

शेडीतली सखू म्हणाली, "ती वर गेली. तिचा अर्धा घर उभा हाय ना."

वर! तिथे डोंगराला हातभर भेग पडली आहे. सर्कलने सगळ्यांना गोळा करून बजावलं होतं, वर पाऊल ठेवायचं नाही. केरूला जाऊन सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मीही वर गेलो नाही. मखर अर्धं राहिलं होतं. उद्या चतुर्थी, पूजा झाली की बघू.

१० सप्टेंबर, दुपार
केरूच्या शेडीला कुलूप. सकाळी गंगारामकडून मूर्ती डोक्यावर घेतली ती तो थेट वर घेऊन गेला. मागून बायको, म्हातारी, तिन्ही पोरं. "वहिनीला सोडून गणपती कसा बसवायचा?" एवढंच गंगारामला म्हणाला.

आठ माणसं त्या भेगेखाली. दहापासून पाऊस धरलाय. आरतीचं ताट मालिनीच्या हातात दिलं. वर निघालो.