तुझ्या नकाराला टाळ्या पडल्या

प्रिय अक्का,

काल रेवती घरी आली होती. तू तिला ओळखत नाहीस. आपल्या नाट्यमंडळाची नवी नायिका, कॉलेज नुकतंच संपवलेली, गळा गोड. तुझ्या वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी मंडळाचे चालक अण्णा ‘संगीत क्षमावती’चा प्रयोग तुझ्या स्मरणार्थ लावताहेत. राणीचं काम तिच्याकडे आहे. पदं बसलीत म्हणाली, अडलंय एकाच जागी. शेवटच्या पदाआधी तू थांबायचीस, तसं तिला थांबता येत नाही. म्हणून अण्णांनी तिला माझ्याकडे पाठवलं. प्रॉम्प्टिंगला विंगेत मीच असायचे, तेव्हा ते मीच शिकवावं, असा त्यांचा निरोप.

ऐकूनच इतकं दमायला झालं, की चहाचं आधण ठेवलेलं विसरून मी बसूनच राहिले. ती गेल्यावर वाटलं, हे तुला नाही तर कोणाला सांगू?

अक्का, ते नाटक काही बरं नव्हतं. विंगेत बसणाऱ्याला नाटकाची शिवण उलट्या बाजूने दिसते. राजा राणीला टाकून नर्तकीकडे जातो, राणी दोन अंक वाट बघते, तिसऱ्या अंकात तो परत येतो. ती त्याचे पाय धुते आणि क्षमेचं पद म्हणते. राजाला पश्चात्ताप का होतो? वीज चमकते म्हणून. राणीला काय वाटतं, हे तर कोणी विचारतच नाही. पण पदांना वन्स मोअर मिळायचा, पदं तू गायचीस, आणि लोक म्हणायचे, नाटक अजरामर आहे. घरोघरी केबल आली, तरी ‘क्षमावती’ची पाटी लागली की नाट्यगृह भरायचं.

तू त्यात आलीस ती सासर सुटल्यावर. दाजींनी दुसरी बाई घरात आणली आणि तू एक पिशवी घेऊन निफाडहून मखमलाबादच्या आपल्या मळ्यात परतलीस. आईने काही विचारलं नाही, पानात भाकरी वाढली. सकाळी आपण गुलाब खुडायचो तेव्हा तू गुणगुणायचीस. सासरी त्याला बंदी होती. अण्णा एकदा प्रयोगासाठी हार सांगायला मळ्यात आले, त्यांनी तुला ऐकलं आणि महिन्याभरात तू राणी झालीस. तुला सोबत हवी म्हणून मी विंगेत.

निफाडचा प्रयोग लागला तेव्हा मी म्हटलं होतं, नको जाऊ. गेलीस. मंगल कार्यालयातला दुपारचा प्रयोग, आणि दाजी पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीवर. दुसऱ्या अंकानंतर ते सरळ मागे आले. तू मुकुट नीट करत होतीस.

“लय छान गाते तू,” ते म्हणाले. “आता घरी ये. ती बी हाय, तू बी राहा. मी काय नाय म्हणत नाय.”

तिसरी घंटा झाली.

तू राजाचे पाय धुतलेस. ऑर्गनने सूर दिला. तू उभीच. मला वाटलं शब्द विसरलीस, म्हणून मी विंगेतून ओळ दिली. तू माझ्याकडे वळलीस आणि हळू, पण स्पष्ट म्हणालीस, “मी नाही म्हणणार.”

ऑर्गनवाल्याने सूर लांबवला. राजा पाय ओले करून तसाच बसलेला. मी पुन्हा ओळ दिली नाही. आणि मग कुठूनतरी टाळी वाजली, मागून दुसरी, आणि सगळे उठून उभे राहिले. बायका पदराने डोळे पुसत होत्या. त्यांना वाटलं, राणीचा गळा दाटून आलाय. दाजीसुद्धा टाळ्या वाजवत होते. त्या गजरात तू मान खाली घातलीस आणि पद म्हटलंस.

परतताना द्वारका चौकात रिक्षासाठी जीपमधून उतरलो तेव्हा तिथल्या गोंगाटात म्हणालीस, “त्यांना कळलंच नाही गं.”

पुढच्या तालमीत अण्णांनी ते थांबणं नाटकात बसवून टाकलं. ऑर्गनवाल्याला सूर धरून ठेवायला सांगितलं, वरून निळा दिवा टाकला. तू ‘बरं’ म्हणालीस. का म्हणालीस, अक्का? मी त्या रात्री घरी विचारलं, तर म्हणालीस, “सोडून जाऊ कुठे? इथे निदान मला कोणी गाऊ नको म्हणत नाही.” मग प्रत्येक प्रयोगाला तू थांबायचीस, माझ्याकडे बघायचीस, आणि टाळ्या पडायच्या. सिन्नरला, त्र्यंबकला, पार धुळ्याला. पेपरात त्या थांबण्यावर कौतुकाने लिहून आलं. शोकसभेतही जो उठला तो त्यावरच बोलला. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते. उठून काही सांगावं एवढीही ताकद अंगात नव्हती.

काल रेवतीला मात्र सगळं सांगितलं. तिचा चहा तसाच गार झाला.

“म्हणजे त्यांना गायचंच नव्हतं?”

“नव्हतं.”

तिने कप बाजूला सारला. मग म्हणाली, “मग मी नाही थांबणार, मावशी. ते त्यांचं होतं. मी सरळ पद म्हणेन.”

रेवती थांबणार नाही हे कळून संध्याकाळी अण्णांचा फोन आला. चिडले नव्हते, पण आवाज पडला होता. लोक त्या थांबण्यासाठीच येतात, म्हणाले. मी विचारलं, “अण्णा, ती का थांबली होती, हे तुम्ही तिला कधी विचारलंत?” ते म्हणाले, त्यात विचारायचं काय, भावना अनावर झाली होती. अक्का, ते खोटं बोलत नव्हते. एवढी वर्षं त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला त्यांचा रागही येईना.

शेवटी म्हणाले, प्रयोगाआधी मी तुझ्याविषयी दोन शब्द बोलावेत. मी हो म्हटलं.

तर ऐक. नाटक मोठं नव्हतं, माझी बहीण मोठी होती, आणि निफाडला ती ‘नाही’ म्हणाली होती, हे मी रविवारी माइकवर सांगणार आहे. आपली माणसं मला ठाऊक आहेत, त्यावरही टाळ्या वाजवतील. वाजवू देत. त्या थांबेपर्यंत मी उभी राहीन, आणि मग तेच पुन्हा सांगेन.

तुझी,
सुमन