गंगेच्या पाण्याचा फेस

प्रिय आबा,

मिलिंदची दाढी झाली! आज सकाळी, आपल्याच अंगणात, तुमच्याच मशीननं. हनुवटीखाली एक बारीकसा काप गेला तेवढाच. कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालं, म्हणून वहीचं पान फाडून लिहायला बसले. माय चुलीपासून ओरडते आहे, "येडी झालीस का, गेलेल्या माणसाला पत्र लिहून राह्यलीस?" म्हणू दे. तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

उद्या तुमचा मिलिंद शाळेवर मास्तर म्हणून हजर होणार आहे. ऑर्डर आली तेव्हा मी जालन्याला होते. मी तिथं नर्सचं शिकते आहे, हेही तुम्हाला ठाऊक नाही. चार दिवसांची रजा काढून आले, तर हा दारात उभा, गालावर कुठं दाट, कुठं विरळ असं रान माजलेलं. तुम्ही गेलात त्याला दोन वर्षं झाली, तरी त्यानं अजून एकदाही ब्लेड हातात धरलं नव्हतं. विचारलं की एकच उत्तर, "आबा शिकवणार होते." चूक तुमचीच आहे थोडी. "तुझा पहिला साबण मी आणीन" असं पोराला सांगून कुणी जातं का?

वाटूरच्या फाट्यावर आता नवं सलून झालंय. तिथं कुणीही खुर्चीत बसतं, कुणी कुणाची जात विचारत नाही. माय म्हणाली, "मंग तिथं जाय की जल्दी." मी म्हटलं, पहिली दाढी घरीच होईल. तुमच्या तरुणपणी गावच्या न्हाव्यानं आपल्या माणसांच्या गालाला हात लावला नव्हता. धम्माची दीक्षा घेतली त्याच वर्षी तुम्ही जालन्याहून ब्लेडचं मशीन, ब्रश आणि पितळी वाटी आणलीत. "आता कुणाच्या दारात हनुवटी पुढं करून बसायचं न्हाई," असं म्हणालात म्हणे. मिलिंदनं सलूनच्या खुर्चीत खुशाल बसावं, पण स्वतःची दाढी स्वतःला करता येत असताना बसावं.

आता साबणाची गंमत ऐका. येताना जालन्याच्या बाजारात एका चाचांच्या दुकानात गेले. त्यांनी समोर ट्यूब ठेवली, कांडी ठेवली, गोल वडी ठेवली, आणि म्हणाले, "दाढीवाले को भेजो ना, बेटी. ये चीज चेहरे से पूछके लेते." मी म्हटलं, "चेहरा गावाकडं आहे चाचा, हात इथं आहे." ते हसले आणि एक उघडी वडी पुढं सरकवून पाण्याची वाटी मागवली.

मग मी तुमच्याच रीतीनं साबणाची परीक्षा घेतली. ओलं बोट वडीवर फिरवलं, अंगठ्याशी चोळलं आणि बघत बसले. मोठे बुडबुडे येऊन फुटले तर साबण कपड्याला बरा. बारीक, घट्ट फेस आला आणि चिकटून राहिला तर गालाला. ट्यूब बाजूला केली, कारण आयत्या फेसानं हाताला काही कळत नाही असं तुम्ही म्हणायचात. कांडी ओल्या गालावर थेट घासता येते, प्रवासात सोपी. पण आपल्याकडं पितळी वाटी होती, तिला वडीच हवी. वास अगदी सौम्य निवडला. भडक वासाचा आणला होता तेव्हा माय दिवसभर तुमच्याशी बोलली नव्हती, आठवतं?

आज सकाळी वाटी घासली, वडी बसवली, ब्रश गरम पाण्यात भिजवला. फिरवते आहे, फिरवते आहे, फेस म्हणून येईना! नुसतं पांढरं पाणी आणि वर गुठळ्या. मिलिंद आरशातून माझ्याकडं बघत होता. "ताई, फशिवलं तुला दुकानदारानं." मीही चाचांना मनातल्या मनात नको ते बोलले. बिचारे.

तेवढ्यात माय पदराला हात पुसत बाहेर आली आणि हसायलाच लागली. "अगं, आपल्या हिरीच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, त्यात साबण कसा फेसाळंल? तुझा बाप सायकलवर डबा बांधून नदीवर काय उगंच जात होता? लोकं ह्या नदीला गंगा म्हणून तिचं पाणी देवाला आणतेत, ह्यो माणूस दाढीला आणत होता."

आबा, आठ वर्षं मी तुमच्यासमोर आरसा धरला. वडी कशी निवडायची ते शिकले, आणि पाणी कुठून येतं ते कधी विचारलं नाही. तुम्ही तरी सांगायचं होतं ना! सडकेच्या कामावर दिवसभर डांबर आणि धूळ, तरी सकाळी गाल गुळगुळीत. दुष्काळाच्या साली वाटीभर पाण्यात दाढी उरकलीत, पण एक दिवस चुकवला नाहीत.

मिलिंदनं तुमचा डबा सायकलला बांधला आणि नदी गाठली. तो आला, पाणी तापवलं, ब्रश फिरवला, आणि वाटी भरून फेस वर आला. घट्ट, पांढरा, थेट तुमच्या सकाळसारखा. आम्ही दोघं खुळ्यासारखे हसत होतो.

गरम फडकं गालावर ठेवून झालं, फेस लावून झाला. मिलिंदनं मशीन उचललं आणि लगेच माझ्याकडं पुढं केलं. "ताई, तूच कर."

आणि मला तो दिवस आठवला. शेवटच्या आजारात तुम्ही गालावरून हात फिरवून म्हणालात, "पोरी, येवढी दाढी करून दे." मी घाबरले होते. तुमच्या पातळ झालेल्या कातडीला ब्लेड लावायचं? मी म्हटलं, "उद्या करते, आबा." तुम्ही "बरं" म्हणालात. रागावला का नाहीत? दुसऱ्या दिवशी लोक जमले तेव्हा मी तुमच्या गालाला हात लावला. खुंट टोचले. जन्मभर नीटनेटका राहिलेला माणूस माझ्या एका 'उद्या'मुळं तसा गेला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आज मशीन घेतलं. दाबायचं नाही, त्याच्या वजनानं उतरू द्यायचं, केसांच्या वाटेनं. कानापासून गालापर्यंत एक स्वच्छ पट्टा निघाला. या वेळी घाबरले नाही, आबा. एक गाल मी केला, दुसरा त्यानं आपल्या हातानं केला. तो काप त्याचाच. वर तुरटी फिरवली तेव्हा मास्तर केवढ्यानं ओरडले!

मायनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "हनुवटी बराबर बापाची निघाली," म्हणाली, आणि डोळे पुसत भाकरी करायला गेली.

आता एक शब्द देते. चाचांकडून मी एक नाही, दोन वड्या घेतल्या होत्या. दुसरी माझ्या ट्रंकेत आहे. परवा जालन्याला परतताना गंगेच्या पाण्याची बाटलीही सोबत नेणार आहे. वॉर्डात कुणी म्हातारा गालावरून हात फिरवताना दिसला, तर मी त्याला 'उद्या करते' म्हणणार नाही.

तुमची,
आरसा धरणारी
सुजाता